स्वागताची खोली

४ जून

गौरीताई,

पत्राची सुरुवात कशी करायची ते आईने शिकवलं होतं, मी विसरलो. तेव्हा सरळच सुरू करतो.

दोन वर्षांनी बहिणीला भावाची आठवण आली, तीही कामापुरती. चालेल. मी इथे मजेत आहे. तू सही केलीस तेव्हा या केंद्राच्या माणसांनी मला भोपाळला हबीबगंज स्टेशनच्या मागून उचलून गाडीत कोंबलं होतं, आणि तू समोरच्या ऑटोत बसून बघत होतीस. तुला वाटतं मी तुला पाहिलं नाही. असो. आता तेच केंद्र माझी नोकरी आहे. मी पेशंट नाही, स्टाफ आहे. चरस सुटली, गोळ्या सुटल्या, कमरेला चाव्या आल्या.

फोन का करत नाहीस, विचारलंस. स्टाफलाही फोन नाही. दुसऱ्या कुठल्या तरी नशामुक्ती केंद्रातला व्हिडिओ फिरला, तेव्हापासून केंद्र चालवणाऱ्या सरांनी सगळ्यांचे फोन कपाटात टाकले. पत्र चालतं. उघडं द्यायचं, सर नजर टाकतात, मग टपालात जातं. पण काळजी करू नकोस, मी मराठीत लिहितो. आई न्यू मार्केटमध्ये दुकानदाराच्या तोंडावर आपल्याला सांगायची ना, "हा लुटतोय, चला इथून", आणि तो बिचारा हसत उभा. तसंच. इथल्या रुद्रपूरच्या माणसाला मराठी काय घंटा कळणार. तूही बिनधास्त लिही.

आता तुझा मुद्दा. म्हाताऱ्याने पिऊन आईच्या कानाखाली अशी मारली की पडदा फाटला, आणि डॉक्टरला आई म्हणाली, बाथरूममध्ये पडले. यात नवीन काय आहे? अख्ख्या शिवाजी नगरात सरकारी क्वार्टरांना एकच ठेकेदार, पण निसरडी फरशी फक्त आपल्याच बाथरूमला.

तू विचारतेस, "बाबांना तिथेच पाठवू का? तू तर सुधारलास."

पाठव.

नवीन माणसाचं इथे स्वागत फार छान करतात. मी जातीने हजर राहीन.

आणि हो, हस. नववी नापास भाऊ मनोविज्ञान शिकतोय. सर रोज सकाळी स्टाफचा क्लास घेतात. तू अरेरा कॉलोनीतल्या शाळेत अकरावीला शिकवतेस तेच शब्द. उद्दीपक म्हणजे जे टोचतं ते. अनुक्रिया म्हणजे टोचल्यावर आपण जे करतो ते. सर म्हणतात, माणूस म्हणजे सवयींचं गाठोडं, गाठ कुठे आहे ते सापडलं की कोणीही सुटतो. मला एक सांग, नकारात्मक पुनर्बलन म्हणजे शिक्षाच ना? सर तसंच सांगतात. तू बाई आहेस, तुला पक्कं माहीत असेल.

गाडी इथून येईल. कागद सर पाठवतील. तू फक्त सही कर, सवय आहे तुला.

तुषार


१९ जून

ताई,

पत्रालाही लाल पेन? बरं. तुझं म्हणणं असं की सरांचं चुकतंय. त्रास दिला की ती शिक्षा. आणि चालू असलेला त्रास थांबवला की ते नकारात्मक पुनर्बलन, कारण त्रास थांबावा म्हणून माणूस तेच तेच करत राहतो. मी क्लासमध्ये हात वर करून सांगितलं. सर म्हणाले, "बहन प्रोफेसर है क्या तेरी?" सगळे हसले. मग म्हणाले, हा फरक पुस्तकात असतो, हौदात नसतो.

तू विचारलंस, स्वागत म्हणजे नक्की काय, मी उगाच टोमणा मारला का. टोमणा नाही. मागच्या अंगाला एक खोली आहे. खिडकी नाही. भिंतींना वरपर्यंत टाइल्स, धुवायला सोपं. नवीन माणूस आत आला की सीटी वाजते आणि आपण सुरू करायचं. बागेचा हिरवा पाइप असतो, आत वाळू ठासलेली. हाड सहसा मोडत नाही, वळ कपड्याखाली राहतात. त्याने "मैं बीमार हूं" म्हटलं की थांबायचं. नाही म्हटलं तर कोपऱ्यात हौद आहे, त्यात डोकं. पुढे पुढे पाइप लागतच नाही. सीटी वाजली की माणूस आपोआप उकिडवा बसतो, कोणी कोणी चड्डीत करतो. घंटी आणि कुत्रा असं काहीतरी तू पूर्वी पाठ करायचीस, ते हेच.

माझंही स्वागत झालं होतं. मी ते वाक्य लवकर म्हटलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. परवा भाजी आणायला बाजारात गेलो तर चौकात ट्रॅफिकवाल्याने सीटी मारली, आणि मी पिशव्या घेऊन भर रस्त्यात खाली बसलो. एक बाई म्हणाली, "चक्कर आया क्या भैया?" तुझ्या पत्रातला शब्द आठवला, सामान्यीकरण. एका सीटीची भीती सगळ्या सीट्यांना लागते. बघ, शिकतोय मी.

आता मीच पाइप धरतो. मागे बरेलीचा एक ट्रक ड्रायव्हर आला, जितेंद्र. दारातून आत येताना डोकं वाकवावं लागतं इतका उंच. आल्या आल्या मला आईवरून शिवी दिली. मी त्याला इतकं मारलं की माझाच खांदा सुजला. मजा आली का, असं तू विचारणार. आली.

तू लिहिलंस की मी या लोकांना मारतो तेव्हा खरं बाबांना मारत असतो, त्याला विस्थापन म्हणतात. वर उदाहरण दिलंस. साहेब बाबूला झापतो, बाबू घरी येऊन बायकोला मारतो, बायको पोराला धपाटा घालते, पोरगा मांजराला लाथ मारतो. झालं? पुढे? मांजर कुठे जातं ते नाही तुझ्या पुस्तकात? मी सांगतो. मांजर रुद्रपूरला जातं आणि कमरेला चाव्या लावतं.

म्हणून म्हणतो, पाठव. विस्थापन कशाला, खरा माणूसच येऊ दे समोर. तुला ती गॅसची नळी आठवते? सिलिंडरची काढायचा, मला मारायचा, मारून झालं की तीच नळी परत शेगडीला लावायचा आणि आईला म्हणायचा, "चहा टाक." आणि ती टाकायची! आणि आपण तो चहा प्यायचो! मी पडलेला असायचो तिथूनच मला रबराचा वास यायचा, आलं घातलेल्या चहात.

तू आईबद्दलही लिहिलंस. पिंजऱ्यातल्या कुत्र्यांना करंट देत राहिले, सुटकेची वाट ठेवलीच नाही, आणि नंतर दार उघडं टाकलं तरी ती बसून राहिली. शिकलेली असहायता. आईचं तसं झालंय, असं तुझं मत. असेल. पण मी कुत्रा नाही. मी वाट बघतोय.

तुषार


३ जुलै

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. रागावलीस का? राग बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

बाबांना पाठवू नकोस.

रेशनचा ट्रक आला होता. फाटकातच चिखलात रुतला, फाटक लागेना. दुपारभर उघडं. मी पहाऱ्यावर. जितेंद्र अंगणात डाळ निवडत बसला होता. त्याच्या बसल्या जागेवरून हायवे दिसतो. ट्रक जात होते, त्याचे भाऊबंदच म्हण. मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "जा. मैं उधर देख रहा हूं." आणि खरंच तोंड फिरवलं.

वळून बघतो तर तो जागेवरच. त्याने फाटकाकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या सीटीकडे पाहिलं, आणि ताट उचलून भिंतीच्या आणखी जवळ सरकला. परत डाळ निवडायला लागला. एवढा मोठा माणूस, ताई.

सरांनी कॅमेऱ्यात बघितलं. म्हणाले, पळून जायचा बेत होता, तू पकडलास, शाबास. आता कर स्वागत. मी खोलीत गेलो तर तो आधीच येऊन उभा. कोणी ओढत आणलं नव्हतं. त्याने शर्ट काढला, घडी घातली, कोरड्या कोपऱ्यात ठेवला. आणि सीटी वाजायच्या आधीच म्हणायला लागला, "मैं बीमार हूं, मैं बीमार हूं." मी थांबायला हवं होतं ना? नियम तोच आहे ना? सर म्हणाले, आज थांबायचं नाही, आज याने सस्त्यात म्हटलंय.

मी थांबलो नाही.

त्याच्या कानातून रक्त आलं. दवाखान्यात मीच गाडीत धरून नेला. सरांनी तिथल्या डॉक्टरला सांगितलं, "बाथरूम में फिसल गया." डॉक्टरने लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो आणि मान हलवली. जितेंद्र जिवंत आहे, अजून तिथेच आहे. उजव्या हातात चमचा राहत नाही.

तू कुत्र्यांचं आईसाठी लिहिलं होतंस. मी गेले दोन दिवस माझ्यासाठी वाचतोय. कारण फाटक मलाही उघडंच होतं. चाव्या माझ्या कमरेला आहेत, बाजारात मी एकटा जातो, बस स्टँड भाजीवाल्याच्या मागे आहे. मी रोज परत येतो, पिशव्या घेऊन.

बाबांची दया आली असं समजू नकोस. तो माणूस या खोलीत माझ्यासमोर आला तर मी त्याला मारून टाकीन. इथे थांब म्हणणारं कोणी नाही, आणि माझं मला थांबता येत नाही हे मी बघितलं. त्यापेक्षा तू पोलिसात जा. आईला तुझ्या खोलीवर आण. काहीही कर. सही करू नकोस.

तुषार


१२ जुलै

ताई,

हे पत्र सरांच्या टेबलावरून आलेलं नाही. दूधवाला अंगरख्यात घालून नेणार आहे, पाकीटही तोच घेईल. सोबत माझी आधीची दोन पत्रं आहेत, १९ जून आणि ३ जुलैची. आधी ती वाच. ती तुला मिळालीच नव्हती. तुला फक्त पहिलं मिळालं, "पाठव" म्हणणारं. बाकी दोन सरांच्या खणात होती; झटापटीत त्यांच्या हातून पडली, नंतर खोली धुताना मला सापडली.

बाबा आले.

सकाळी गाडी आली. मी दार उघडलं. बनियन, ऑफिसची पँट आणि एका पायात चप्पल. किती बारीक झालेत ग. माझ्या डोक्यात त्यांचा हात केवढा तरी मोठा होता. त्यांनी आधी मला ओळखलं नाही. मला म्हणाले, "भाई साहब, थोड़ा पानी." मग माझ्याकडे बघतच राहिले.

"तुषार? अरे, तू इथे?" आणि हसले. खरंच हसले, जीव भांड्यात पडल्यासारखे. "बरं झालं बाबा तू भेटलास. सांग यांना, काहीतरी गैरसमज झालाय. गौरीने जेवायला बोलावलं होतं. श्रीखंड आणलं होतं तिने. जिन्यातच या गुंडांनी धरलं मला. मी सचिवालयात आहे म्हणावं, नारायणराव म्हणून कोणालाही विचारा."

मी म्हटलं, "चला आत."

खोलीत सर आधीच होते. हातात माझी दोन्ही पत्रं. बाबांना खाली बसवलं आणि सर वाचायला लागले, अडखळत, शाळेतल्या पोरासारखं, "तो माणूस या खोलीत माझ्यासमोर आला तर मी त्याला मारून टाकीन." मग मला विचारतात, "मारून मतलब मारना ही होता है न?"

सरांनी पत्र माझ्यासमोर धरलं.

"तेरी मराठी में आधी तो हिंदी भरी पड़ी है, बेटा. अक्षर भी वही हैं. बाकी जो बचा वो मैं अंदाज़े से पढ़ लेता हूं. हौद, पाइप, सीटी, सब समझ में आया. और ये 'पाठव', ये तो पहली चिट्ठी में ही समझ गया था, इसीलिए वो जाने दी."

भोपाळात जन्मभर आपल्याला वाटलं की आपण मराठीत बोललो की दार लावून घेतलं. ताई, दाराला कडीच नव्हती.

"तेरी इच्छा पूरी कर रहा हूं," सर म्हणाले. "क्लास बहुत हुई, ये प्रैक्टिकल है." आणि सीटी वाजवली.

खरं लिहितो. पहिला फटका मी सीटीमुळे मारला. हात माझ्या आधी गेला. दुसरा माझा होता. तिसराही माझा. मी मारताना ओरडत होतो, "चहा टाक! टाक चहा!" बाबांना कळत नव्हतं कसला चहा. त्यानंतरचे फटके कोणाचे होते मला सांगता येणार नाही.

त्यांनी डावं कोपर कानावर घेतलं आणि गुडघे पोटात ओढले. ते मी करतो, ताई. तसंच. मला वाटायचं ती युक्ती माझी आहे, मी एकट्याने शोधलेली. आणि मग बारीक आवाजात बोलायला लागले. आपल्या घरात हा आवाज मी कधीच ऐकला नाही. "नाही करत जी, काका. बस जी. नाही करत."

दिवाणखान्यात ज्यांच्या फोटोला चंदनाचा हार आहे ते बाळकृष्णकाका. बाबांचे वडील लवकर गेले, नागपूरला काकांनीच वाढवलं. आपल्याला किती वेळा ऐकवलं, "काकांची शिस्त होती म्हणून मी माणूस झालो." रोज ऑफिसला जाताना त्या फोटोला हात जोडायचे. मी पाइप घेऊन उभा, आणि ते खालून माझ्याकडे बघून काका म्हणतायत.

तुझ्याकडे यालाही शब्द असेल. मला पाठवू नकोस.

माझा हात खाली आला. सर म्हणाले, "रुका क्यों? बोला क्या उसने, मैं बीमार हूं?"

मी म्हटलं, "बोल तो रहा है."

सरांनी माझ्या हातातून पाइप हिसकला आणि बाबांच्या मनगटावर मारला. आवाज आला, सुकी काडी मोडावी तसा. मग मी सरांच्या अंगावर गेलो. पाइप त्यांच्या हातातून काढला आणि तोंडावर मारला. दात पडले, टाइलवर टणटण वाजले. आणखी मारले असते. ज्यांच्याबरोबर मी रोज जेवतो त्या स्टाफने मला खाली पाडलं आणि माझ्या पाठीवर बसले. एकाने माझ्या कानाचा चावा घेतला. हौदात डोकं घातलं तेव्हा तळाशी मला एक बटण दिसलं, कोणाच्या तरी शर्टाचं.

सर रुमाल तोंडाला धरून म्हणाले, "इसकी बहन के साइन अभी फाइल में हैं. भर्ती कर लो."

ती खरोखर आहे, ताई. दोन वर्षांपूर्वीची. मी नोकरीला लागलो तेव्हा तो कागद कोणी रद्द केला नाही, मलाही सुचलं नाही. चाव्या गेल्या, केस भादरले. बाबा आणि मी एकाच हॉलमध्ये आहोत, बाजूबाजूच्या सतरंजीवर. इथल्या नियमाने ज्याने सही करून घातलं त्यानेच येऊन काढायचं. आम्हा दोघांवर तुझीच सही आहे.

सर तुला फोन करतील. म्हणतील तुषारने पुन्हा नशा सुरू केली, बापाला मारलं, माझ्यावर हल्ला केला. नशा खोटी. बाकी दोन्ही खरं. तू काय विश्वास ठेवायचा तो ठेव, पण लवकर ठेव.

तुषार


१६ जुलै

ताई,

दूधवाला म्हणतो मागचं पत्र त्याने स्वतः पेटीत टाकलं. तरी हे दुसरं लिहितो. रोज आम्हाला आत्मपरीक्षण लिहायला कागद देतात, त्यातलाच अर्धा फाडलाय.

दारू एकदम बंद झाल्यामुळे बाबांना कंप सुटलाय. मध्येच भिंतीवर किडे दिसतात, ते झटकत बसतात. मनगट दुधी भोपळ्यासारखं सुजलंय. डॉक्टर नाही. मी टॉवेल फाडून बांधलंय. मला हे जमतं, कारण स्टाफमध्ये असताना कंप सुटलेल्यांना मीच बांधून ठेवायचो. आता बांधत नाही, धरतो. त्यांच्या अंगाला घामाचा वास येतो, लहानपणी स्कूटरवर मागे बसल्यावर यायचा तोच. मला तो आवडायचा, हे मी विसरलो होतो.

फार गोड समजू नकोस. काल पाणी आणायला मला उशीर झाला तर त्यांनी डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. कंप सुटलेला हात, पण नेम बरोबर. माझा हात वर गेला. हॉलमधले सगळे बघायला लागले. मी तो हात खाली आणला. सीटी नव्हती, सर नव्हते, कोणी थांब म्हटलं नाही. बराच वेळ लागला खाली यायला. आज पुन्हा जमेल की नाही माहीत नाही.

शुद्धीत असतात तेव्हा बोलतात. आज सकाळी विचारलं, "तुझ्या आईने पाठवलं का मला इथे?"

मी म्हटलं, "नाही. गौरीने."

"वाटलंच," म्हणाले. "ती नाही पाठवणार. मी घरी गेलो की ती काही बोलणार नाही बघ. पोळ्या टाकायला घेईल." आणि डोळे मिटून घेतले, अगदी निवांत.

हे ऐकून मला पाइप धरला होता तेव्हापेक्षा जास्त राग आला. मारण्याचा नव्हता तो. कारण मीही तेच धरून बसलो होतो. गेली दोन वर्षं मी इथे पडल्या पडल्या विचार करतोय की कधीतरी घरी जाईन, आई दार उघडेल, पोळ्या टाकायला घेईल. माझ्या आणि त्यांच्या मनात तीच बाई, तेच दार. आणि मी कोणाकोणाला काय काय करून येतोय हे ती विचारणार नाही याची दोघांनाही खात्री.

आता कामाचं. एकटी येऊ नकोस. आधी रुद्रपूरच्या पोलिसात जा, केंद्रात नंतर. पोलिसांना जितेंद्रचं नाव सांग, सरकारी दवाखान्यात तो आहे, त्याचा हात बघा म्हणावं. कोणी मारलं विचारलं तर माझं नाव सांग. लपवू नकोस, तेवढं एक ऐक. सरांचंही सांग. ही पत्रं दाखव. मराठी वाचता येत नाही म्हणाले तर येईल म्हणावं, थोडा वेळ द्या.

त्यांनी मला इथून थेट ठाण्यात नेलं तर जाऊ दे. सोडलं तर आम्हाला दोघांना एकाच डब्यात बसवू नकोस.

पण गाडीत बसण्याआधी घरी जा. बाबा नाहीत, मी नाही, असं ते क्वार्टर आईला बहुतेक पहिल्यांदाच मिळालंय. तू मला उचलताना तिला विचारलं नाहीस, त्यांना उचलतानाही नाही. मी तर "पाठव" लिहिताना तिचा विचारच केला नव्हता, नुसतं तिचं नाव वापरलं. आता तिच्याजवळ बस आणि विचार, या दोघांपैकी कोण तुला घरात हवंय. दोघंही नको म्हणाली तर सही करून आम्हाला बाहेर काढ आणि हायवेवर सोडून दे, भोपाळला आणू नकोस. आम्ही बघू आमचं.

ती लगेच हो म्हणेल. येऊ दे म्हणेल, जातील कुठे म्हणेल. तेव्हा उठू नकोस. चहा वगैरे तू कर, तिला बसू दे. आणि पुन्हा विचार.

पहिलं हो तिचं नसेल.

तुषार